वाकळेतले पोलके

शिवणकाम मला उशिरा आले. माझ्या वयाच्या बायका दुसऱ्या-तिसऱ्या लेकराची दुपटी शिवत होत्या, तेव्हा मी नॉर्मल स्कूलचे शिक्षिकेचे प्रमाणपत्र घेऊन चांद्याच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवीत होते आणि पोलक्याची तुटलेली गुंडी आईकडून लावून घेत होते. सव्वीस वर्षांच्या बाईला हे सांगण्याची लाज वाटे. पण मला त्या काळी बहुतेक गोष्टी सांगण्याची लाजच वाटे. वर्गात चाळीस मुलींपुढे माझा आवाज खणखणीत लागे. वर्गाबाहेर दोन माणसे एकदम माझ्याकडे पाहू लागली की वाक्य अर्ध्यातच हातातून सुटे.

शाळेमागच्या गल्लीत एका शिंप्याचे घर होते. शिंपी बाजारातल्या दुकानात बसे आणि तिथली कातरणे पोत्यात भरून घरी येत. त्याची बायको, जिला सारी गल्ली आपा म्हणे, दुपारी ओसरीवर ती पसरून रंगांप्रमाणे निवडीत असे. तिच्या जोडीला मूल तालुक्यातल्या एका धानाच्या गावाहून आलेली म्हातारी बसे. मुलगा कोळशाच्या खाणीत लागला म्हणून ती शहरात आली होती, आणि शहरात तिला करण्यासारखे काही उरले नव्हते. वाकळ शिवणे मात्र तिच्यासारखे कोणाला येत नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. ती बोटांनी पाही.

शाळा सुटल्यावर मी त्या ओसरीसमोरून हळूहळू जाई. एके दिवशी म्हातारीने मान वर न करताच विचारले, "मास्तरीणबाई, रोज थांबता आन् रोज जाता. बसत काऊन नाई? सुई काई चावत नाई."

पहिल्याच दिवशी ती मला तीनदा चावली. पण मी दुसऱ्या दिवशीही गेले, आणि मग जातच राहिले. खाली जुने लुगडे अंथरायचे, त्यावर विरलेल्या धोतरांचे दोन-तीन थर, त्यावर तुकडे. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि मग स्वतः त्या वाकळेवरच बसून काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत सरकायचे. सुई खाली गेली, वर आली, की बोटभर जग नीट झाले असे वाटे. माझी रेघ सरळ जात नसे. आपा ती पाहून म्हणे, "शाळेत पोरीइले नकाशा काढाले लावता, आन् तुमचा टाका चांद्याहून निघाला तो बल्लारशाले जाऊन राह्यला." म्हातारी बोटाने टाका चाचपून म्हणे, "जाऊ दे वो. बल्लारशाहून गाडी तर मिळते." त्या दोघी हसत आणि मीही हसे, घरी हसत नसे इतके.

त्या वर्षी मार्गशीर्षात मामांचे पत्र आले. मामा आलापल्लीला जंगल खात्यात कारकून होते. त्यांची मुलगी लग्नाला बरीच वर्षे झाल्यावर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, तिला मुलगी झाली होती, आणि बारशाच्या निमित्ताने साऱ्या भावंडांनी एकत्र यावे असे त्यांनी लिहिले होते. आजोबा गेल्यापासून ती भावंडे एका ताटाभोवती बसली नव्हती. आईच्या माहेरची रीत अशी की नवजात लेकराच्या अंगाखाली पहिली वाकळ त्या लेकराच्या आजोबाच्या बहिणीने, म्हणजे या वेळी आईने, घालायची, आणि ती नव्या कापडाची चालत नाही. घरातल्या माणसांनी नेसून-वापरून मऊ केलेले कापड हवे.

नेमके तेव्हाच कोरपन्याच्या मावशीला ताप आला. कापूस वेचणीचे दिवस, घरात करणारे कोणी नाही. आई तिकडे धावली. जाता जाता दारातून म्हणाली, "वाकळ तूच शिव. माळ्यावर माझं लुगडं हाये, ते घेजो. मावशीले बरं वाटलं का तिले संग घेऊनच येतो."

लुगडे मी काढले. पण त्याखाली चिंध्यांचे एक गाठोडे होते, तेही काढले. लुगडे घ्यायला सांगितले म्हणजे तिथले जुनेरे घ्यायला सांगितले, इतका सरळ अर्थ मी लावला. गाठोड्यात वडिलांचे फाटके सदरे होते, पडद्याचे तुकडे होते, आणि अगदी तळाशी एका उशीच्या अभ्र्यात घडी घातलेले एक पोलके होते. जांभळ्या छिटाचे, त्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके. रंग इतका ताजा होता की मला आनंद झाला. मी ते आपाच्या ओसरीवर नेले, आणि आपाच्या मोठ्या कात्रीने त्याचे अकरा चौकोन कापले. ते एका ठिकाणी न लावता साऱ्या वाकळेवर पेरावेत ही कल्पनाही माझीच. त्या कल्पनेचा मला अभिमान वाटला होता, हे लिहून ठेवले पाहिजे.

म्हातारी त्या चार दिवसांत सुनेच्या माहेरी गेली होती. ती परत आली तेव्हा मध्याचा हातभर भाग तेवढा शिवायचा राहिला होता. ती वाकळेवर बसली आणि सवयीप्रमाणे बोटे फिरवू लागली. एका जांभळ्या चौकोनावर बोटे थांबली. मग वाकून तिने त्याचा वास घेतला.

"हे कोणाचं कापड होय?"

"घरचंच आहे. जुन्या गाठोड्यातलं."

"जुनं असंन, पण वापरलेलं नाई. दोन-चार डाव अंगात घातलं असंन. आन् कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं होतं हे. चिंधीले कोणी पाला घालत नाई, मास्तरीणबाई. ठेवणीतल्याले घालते."

आपाची सुई थांबली. ती हळूच म्हणाली, "लहान पोरीचं पोलकं होतं, आजी. मीच बाह्या उसवून दिल्या."

मी घरी आले. वडिलांच्या मेजाच्या वर भिंतीवर एक छायाचित्र टांगलेले असे. त्यात आई खुर्चीत बसली आहे, मी तिच्या मांडीवर, आणि खुर्चीचा हात धरून माझी मोठी बहीण उभी आहे. नऊ वर्षांची. त्यानंतरच्या पावसाळ्यात ती हिवतापाने गेली. मी तेव्हा चार वर्षांची होते आणि मला तिचे काहीच आठवत नाही. छायाचित्र मी रोज पाहत होते, पण तिच्या अंगावर काय आहे हे मी कधी पाहिले नव्हते. कंदिलाची काच पुसायचे फडके घेऊन मी चौकटीवरची धूळ पुसली. पोलक्यावर तांदळाएवढे पांढरे ठिपके होते.

तिचे सारे कपडे तेराव्या दिवशी वडिलांनी देऊन टाकायला लावले होते, एवढे मला ऐकून माहीत होते. गेलेल्या लेकराचे कापड घरात राहिले की त्याचा जीव घरात अडकतो, असे थोरले म्हणत, आणि वडिलांनीही तेच म्हटले. आईने एक पोलके मागे ठेवले होते. ते कोणाला सापडू नये म्हणून चिंध्यांत ठेवले होते, कारण चिंध्यांत कोणी काही शोधत नाही. बावीस वर्षे कोणी शोधले नाही. मग मी शिकलेली मुलगी गाठोडे घेऊन खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी म्हातारीला विचारले, तुकडे काढून पुन्हा जोडता येतील का. ती म्हणाली, "काढता काय नाई येत? पण वरून खालपर्यंत टाका गेलेला हाये. अकराही काढाचे म्हणजे सारी वाकळ उसवनं आली. आन् उसवलेली वाकळ लेकराखाली घालत नाई. आईले सांग. आज सांगजो."

मधला राहिलेला भाग मी कसाबसा पुरा केला, आणि आई त्याच संध्याकाळी मावशीला घेऊन आली. मावशीचा ताप उतरला होता आणि तोंड पूर्ववत चालू झाले होते. आईने वाकळ मागितली. मी ती लुगड्याची बाजू वर करून पुढे धरली, आईने तेवढीच पाहिली, टाक्यांवरून हात फिरवला, म्हणाली, "बरं आलं." द्यायची वाकळ घरात उलगडून पाहत नाहीत, ती लेकराखालीच पहिल्यांदा उलगडते, म्हणून तिने ती तशीच धोतराच्या फडक्यात बांधली. सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. मी पाणी आणायला आत गेले आणि आतच राहिले.

प्रवासाला आम्ही तिघी निघालो; वडिलांना कचेरीतून रजा नव्हती. मोटार पहाटे सुटली. गोंडपिपरी येईपर्यंत मी मनात वाक्य जुळवीत होते. "आई, माझ्या हातून एक चूक झाली आहे." हे फार पुस्तकी वाटले. "आई, ते गाठोडं..." इथे पुढचे वाक्य येईना. मी खिडकीची दांडी धरी, सोडी, पिशवीचे बंद बांधी, पुन्हा सोडी. शेवटी मावशी म्हणाली, "ही पोरगी काऊन अशी वळवळ करून राह्यली? पोटात दुखते का?"

"नाई."

"मंग लग्नाची गोष्ट काढतीन म्हून भेली असंन. भेऊ नको. तुले कोण विचारते आता, मास्तरणीले?"

आई हसली. आई त्या दिवशी खुशीत होती. तिने नवे काठाचे लुगडे नेसले होते आणि भावाला तीन वर्षांनी भेटायचे होते. फडक्यातली वाकळ मावशीच्या मांडीवर होती.

आष्टीच्या घाटावर मोटार थांबली. नदीवर पूल नव्हता. डोंग्यातून पलीकडे जायचे. पाणी उथळ आणि स्वच्छ होते, तळाची वाळू दिसत होती. मी आईशेजारी बसले. ती पाण्यात बोटे बुडवून मावशीला म्हणाली, "हिचा बाप आन् मी एकदा इथून गेलो होतो, दोघी पोरीइले घेऊन. मोठी डोंग्यात उभी राहाची. बस म्हटलं तरी नाई."

मोठीचे नाव आमच्या घरात कोणी काढीत नसे. आईने ते काढले नाही, पण ती तिच्याविषयी बोलली होती, आणि मी तिच्या इतक्या जवळ होते की तिच्या ओल्या बोटांचे थेंब माझ्या हातावर पडत होते. मी तोंड उघडले. नावाड्याने काठी रेतीत रोवली, डोंगा हलला, मावशी देवाचे नाव घेऊ लागली. पलीकडे जंगल खात्याचा लाकडाचा ट्रक उभा होता, मामांनी ड्रायव्हरला सांगून ठेवले होते. पुढचे सारे अंतर आम्ही सागाच्या ओंडक्यांवर बसून कापले आणि तेथे कोणालाच काही बोलता आले नाही.

मामांचे घर सागवानी होते, भिंतींना नव्या लाकडाचा वास येई. आईची भावंडे जमली, एकमेकांचे पिकलेले केस पाहून हसली, आणि अंगणात शेकोटीभोवती बसून साऱ्यांनी एकाच वेळी बोलायला सुरुवात केली. मी त्यांच्यात बसले, उठले, पुन्हा बसले. मामेबहीण माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती आतून लेकरू घेऊन आली आणि माझ्या हातात दिले. त्याचे डोके माझ्या कोपरात मावले. उद्या याच्या अंगाखाली मी काय घालणार आहे, हे मला एकटीला माहीत होते.

बारशाच्या सकाळी आई परसात जळण काढीत होती. तिच्याजवळ कोणी नव्हते. मी गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "आई, माळ्यावरचं गाठोडं मी खोललं होतं."

"कोणतं?"

"लुगड्याखालचं. उशीच्या अभ्र्यातलं पोलकं मी कापलं. मले माहीत नव्हतं. ते वाकळेत लागलं हाये."

आईच्या हातातली काडी तशीच राहिली. मग ती घरात गेली, फडके सोडले आणि वाकळ पलटली. मी दारात उभी राहिले. ती एकेक जांभळा चौकोन शोधून त्यावर तळहात ठेवीत होती. दहा सापडले. अकरावा काठाशी होता, तो मी दाखवला.

"एकबी बाही साबूत नाई ठेवली तुनं," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "इतकी शिकली. मले इचाराले काय झालं होतं?"

तिने वाकळेची घडी घातली, ती पुन्हा बांधली आणि गाठ दातांनी आवळली. "मी देत नाई ही. बाबाले समजलं नाई पायजे. इथीबी कोणाले समजलं नाई पायजे."

पण वाकळ दिल्यावाचून भागणार कसे? बायका जमल्या होत्या. सागाच्या नव्या पाळण्याला माळा बांधल्या होत्या. मामी सोप्यातून म्हणाल्या, "ननदबाई, चांद्याची वाकळ आणा. मी साऱ्या गावाले सांगून ठेवलं का आमच्या मास्तरीणबाईनं शिवली म्हून."

"ते भिजली," आई म्हणाली. "डोंग्यात."

"डोंग्यात?" मावशी म्हणाली. "डोंग्यात तर ते माझ्या मांडीवर होती. ते भिजली तर मी काऊन कोरडी राह्यली?"

बायका हसल्या. मामी हसल्या नाहीत. "द्याची नसंन तर नाई म्हणा, बाई. भिजली कायले म्हणता?"

आईचा चेहरा मी पाहिला. ती खाली पाहत होती. ती खोटे बोलणाऱ्यांतली नव्हती आणि दुसरे खोटे तिला सुचत नव्हते. मी पुढे झाले. वर्गातला माझा आवाज त्या सोप्यात कसा लागला कोण जाणे. मी म्हणाले, "वाकळ भिजलेली नाही. ती मी शिवली, आणि ती नीट झालेली नाही. मला ती देण्याची लाज वाटते, म्हणून आई तसं म्हणाली."

मग एक म्हातारी बाई म्हणाली, "आता तर पाहूच द्या. मास्तरणीची परीक्षा कोणी घेतली नसंन कधी." माझ्या धाडसाने काम सोपे व्हायच्या ऐवजी अवघडच झाले. मामींनी फडके सोडले. वाकळ सोप्यात पसरली गेली, हातोहात फिरू लागली. कोणी टाके मोजले, कोणी काठ ओढून पाहिला. "बरी तर हाये." "चांगलीच हाये." "रंग पाहा वो, जांभळा." आई खांबाला धरून उभी होती आणि ते चौकोन अनोळखी बोटांखालून जाताना पाहत होती.

वाकळ मामेबहिणीपर्यंत आली. तिने लेकरू एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने ती जवळ ओढली. तिचे बोट एका चौकोनावर थांबले. मग दुसऱ्यावर गेले. तिने मान वर केली आणि आईकडे पाहिले. खूप वेळ नाही, पण पाहिले. मग तिने वाकळेच्या एका काठावर वीत टाकून मोजली.

"पायाकडून वीतभर आखूड हाये," ती म्हणाली. "खरंच नाई झाली पुरी. आत्या, घेऊन जा. मंग पाठवजा."

"कुठी आखूड हाये?" मामी म्हणाल्या. "मले तर बरोबर दिसते."

"लेकरू माझं हाये, माय. मले समजत नाई का?"

वाकळेची घडी झाली. लेकराखाली मामींचे लुगडे घातले गेले, नाव ठेवले गेले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मामी दिवसभर आईशी तुटक बोलल्या.

दुपारी सारे पेंगले होते तेव्हा मामेबहिणीने आम्हा दोघींना बाळंतिणीच्या खोलीत बोलावले. ती आईला म्हणाली, "बाबानं नागपूरहून एकच तागा आणला होता, आत्या. मले आन् तुमच्या मोठीले सारखं व्हावं म्हून. माझं पोलकं तर मी फाडून टाकलं झाडावर चढून. तिचं तिनं जपलं." मग म्हणाली, "मलेबी एक तुकडा पायजे. लेकराखाली नाई घालत. पेटीत ठेवतो."

मला वाटले, आई नाही म्हणेल. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. तिने वाकळ मांडीवर घेतली, काठाशी असलेला तो अकरावा चौकोन वर केला आणि सुई माझ्यापुढे धरली.

"तूच उसव," ती म्हणाली. "लावला तुनंच नं."

माझे टाके बारीक नव्हते, तरी तो चौकोन सुटायला बराच वेळ लागला. दोघी पाहत होत्या. दोरा निघाला तशी कापडावर सुईच्या भोकांची एक ओळ उरली.

चांद्याला परतल्यावर मी बाळासाठी दुसरी वाकळ शिवली, या वेळी प्रत्येक चिंधी आईला विचारून. पहिली आमच्याकडेच राहिली. आईने ती माळ्यावर ठेवली नाही. वाकळेला कोण ओळखणार, असे तिला वाटले असावे. तिने ती खुंटीवर टांगली. पौषात थंडी वाढली तशी वडील सकाळी तीच अंगावर घेऊन वर्तमानपत्र वाचीत. ते वाचत असताना आई चुलीपुढून दर थोड्या वेळाने मागे वळून पाही. मीही पाही. ते कचेरीत जाऊन वाकळ पुन्हा खुंटीवर लागेपर्यंत आम्हा दोघींचे काम धड होत नसे.

एका सकाळी त्यांनी पान उलटता उलटता विचारले, "हे जांभळं कापड कुठलं?"

मी उत्तराची जुळवाजुळव करू लागले. शाळेतल्या कोणाचे तरी नाव सांगावे, शिंप्याच्या दुकानाचे सांगावे. पण आई माझ्या आधी बोलली. तव्यावरची भाकरी तिने उलटली आणि मग म्हणाली, "मोठीचं. मी ठेवलं होतं."

वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. चष्मा काढून पुसला. आईने मागे वळून पाहिले नाही. वाकळ त्यांनी अंगावरून काढली नाही. त्या दिवशी ते कचेरीत उशिरा गेले.